उसनं पाणी

हवामान केंद्राच्या भिंतीवरच्या पडद्यावर ढगांचा निळा पट्टा समुद्रावरून डौलात पूर्वेकडे सरकला आणि थेट धरणावर येऊन बरसला. सरांनी धरणाच्या इंजिनिअरकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"तीन आठवड्यांत धरण तुडुंब! आधी पाणी सोडून जागा करून ठेवा."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवामानाचं हे मॉडेल तिनं लिहिलं होतं. परवा तिनं ते चालवलं, तेव्हा पट्टा इथवर पोचलाच नव्हता.

"सर, प्रोग्राममधली माझी ओळ काढली कुणी?"

"कुठली ओळ?"

"उसनवारीची!" ती ताडकन उठून इंजिनिअरकडे वळली. "साहेब, कॉम्प्युटरात हवा चौकोनाचौकोनांतून बाष्प वाहून नेते. या नेआणीच्या आकडेमोडीत एखाद्या चौकोनातलं बाष्प शून्याच्याही खाली जातं. मग तेवढं शेजारच्या चौकोनाकडून उसनं घ्यायचं, म्हणजे एकूण पाणी तेवढंच राहतं. यांनी उसनं न घेता नुसतं शून्य मांडलं. दर वेळी थोडं पाणी फुकटात तयार! त्या फुकटच्या पाण्यावर हा पट्टा चाललाय."

"चिमूटभर गं," सर हसले. "उपग्रहाच्या जुन्या चित्रांशी कसा जुळतोय बघ. तुझ्या ओळीपायी बिचारा भर समुद्रात मरत होता."

"मरू दे की! आधी पाण्याचा हिशेब, मग चित्र, हे मला शिकवलं कुणी?"

"चारचौघांत आवाज चढवू नकोस."

तिनं सरांसमोरचा कीबोर्ड ओढून घेतला आणि परवाचं चित्र लावलं. पट्टा निघाला, अर्ध्या वाटेवर विरळ झाला, नाहीसा झाला. धरणावरचं आकाश शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

इंजिनिअरनं तोवर फोन कानाला लावला होता.

"बंद करा. सगळे दरवाजे. आत्ताच्या आत्ता!" त्यानं फोन ठेवला. "सर काल सकाळीच फोनवर हेच बोलले होते. आम्ही कालपासूनच पाणी सोडतोय."

"किती गेलं?" तिनं विचारलं.

"शहराचं दोन महिन्यांचं पिण्याचं."

सर पडद्याकडेच बघत राहिले. ती त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बोला ना, सर. हे आता कुठल्या शेजाऱ्याकडून उसनं आणायचं?"