भावाचं गाणं

दुसऱ्या कडव्यालाच तिची कानशिलं तापली. समोरच्या बुटक्या मंचावर तिचा धाकटा भाऊ डोळे मिटून गिटार वाजवत गात होता, आणि गाणं त्या दोघांच्या आईच्या शेवटच्या आजारपणाचं होतं.

'चमच्यानं पाणी पाजलं,' तो गात होता. 'उशी उलटी करून गार बाजू दिली. विंचरताना हातात आलेले केस तुझ्यापासून लपवले.' त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा माउथ ऑर्गनवर त्याच्या मागोमाग हुंदक्यांसारखे सूर काढत होता.

तोवर संध्याकाळ बरी चालली होती. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचं लहानसं सभागृह, घडीच्या खुर्च्या, दाटलेली गर्दी. आधी नावाड्यांची, मेंढपाळांची जुनी गाणी झाली. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, तिचाही पाय नकळत हलला. मग निवेदकानं सांगितलं की आता ब्लूज, म्हणजे मनातला सल गाऊन मोकळं व्हायचं गाणं. आणि भाऊ पुढे आला.

तिला खरं तर यायचंच नव्हतं. आई गेल्यापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ताई, एकदा तरी ऐकायला ये, असे त्याचे निरोप यायचे; ती उत्तर द्यायची नाही. आज नवऱ्यानं बळेबळे आणून बसवलं होतं.

पाणी कोणी पाजलं होतं? तिनं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी अर्ध्या वेळेवर आणून, मालकाची बोलणी खाऊन, आईच्या चादरी तिनं धुतल्या होत्या. तेव्हा हे महाशय गावोगाव कार्यक्रम करत हिंडत होते. पुढच्या आठवड्यात नक्की येतो, हे त्याचं पालुपद. उशीचं आणि केसांचं तिनंच त्याला फोनवर ऐकवलं होतं, तेही तावातावानं, लाज वाटून तरी येईल म्हणून. आला तो आई गेल्यावर. आणि आता तिचेच शब्द चालीवर बसवून चारचौघांत मिरवत होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनी डोळे पुसले आणि तिच्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "किती केलं हो यानं आईचं. मुलगे कुठे करतात एवढं?"

"यानं? मी केलंय सगळं," ती म्हणाली. "हा फिरकलासुद्धा नाही."

आवाज चढला होता. पुढच्या रांगेतली डोकी वळली. नवऱ्यानं दंड धरला, तो तिनं झटकला. एका बाईला सांगून काय उपयोग, सगळ्यांनाच कळू दे, असं म्हणत ती उठली आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत पुढे निघाली. कुणीतरी खाली बसायला सांगितलं. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मंचाच्या कडेला निवेदकाचा माईक उभा होता. तिनं तो पकडला. काय बोलायचं ते तोंडात तयार होतं.

भावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे अजून मिटलेले होते. माउथ ऑर्गन थांबला. भावानं नुसती एक तार छेडली आणि शेवटचं कडवं घेतलं.

'दार वाजलं,' तो गायला, 'मी धावत गेले.'

गेलो नाही. गेले.

पाजलं, दिली, लपवले. आतापर्यंतच्या एकाही ओळीत हे करणारा मुलगा की मुलगी, ते आलंच नव्हतं. गाणारा पुरुष म्हणून सगळ्यांनी मुलगाच असं परस्पर धरलं होतं. तिनंही.

'वाटलं, भाऊ आला,' तो गात होता, आणि त्याचा आवाज फाटत होता. 'दूधवाला होता, आई. मी एकटीच होते.'