चौथं घर

साठ सालची गोष्ट. शहाद्याचा चुनीलाल एखाद्या घरात भूत असल्याची आवई उठवायचा आणि घाबरलेल्या मालकाकडून ते घर निम्म्या किमतीत घ्यायचा. मग भाडेकरू यावेत म्हणून चारचौघांसमोर भगताकडून उंबऱ्यात खिळा ठोकून घ्यायचा.

चौथ्या घराचा खिळा ठोकून झाला, तसा तो भगताला हळूच म्हणाला, "भूतबीत काही नव्हतं रे. मीच उठाडेल गोष्ट शे ती."

भगत चमकला. "मी तं हर घरमाईन एक बाई काढी, शेठ. मालकना घर जाय, आसं सांगं तिले. मालक तं तुमीच."

चुनीलाल हसत हसत जेवायला घरी आला. त्याच्या बायकोनं, सरलाबाईनं, दारातच त्याच्या मागे पाहिलं.



"आज तुमी हाई चौथी बाई कोन संगे लई उनात?"