किती तास लागतात?

"फ्रँकफर्टहून मुंबईला विमानाला किती तास लागतात?" यशवंतदादाने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

श्यामकांतच्या मनात पाल चुकचुकली.

स्टुटगार्टच्या वसतिगृहात, जिन्याखालच्या फोनपाशी तो अनवाणी उभा होता. भल्या सकाळी तिथल्या रखवालदाराने, हाउसमाइस्टरने, दार बडवून त्याला उठवलं होतं. आईला बरं नाही, ताबडतोब नीघ, एवढंच दादा म्हणाला होता. पण मग 'कधी निघतोस' विचारावं. तासांची चौकशी कशाला?

गेल्या वर्षी मावसभाऊ भास्करला लंडनहून असंच बोलावून घेतलं होतं. आई अत्यवस्थ म्हणून तार. बिचारा धावतपळत पोचला, तर दारात मांडव आणि मावशी चकल्या तळतेय. श्यामकांतच्या आईनेही मिरजेच्या सरलेचा फोटो दोनदा पाठवला होता. आणि परवा तर त्याची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा. चार वर्षं प्रयोगशाळेत घासली, ती काय बोहल्यावर चढण्यासाठी?

"आईला फोन दे," तो म्हणाला.

"ती... झोपलीय."

दादाच्या मागे माणसांची वर्दळ होती. सामान सरकवल्याचे आवाज येत होते. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या.

"एवढ्या गोंधळात झोप लागली तिला?"

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी दादाला म्हणालं, "भटजी विचारतायत, थांबायचं का?"

श्यामकांतला हसूच फुटलं. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

"काय दादा, मुहूर्त कितीचा काढलाय?"

"श्याम, वाद घालू नकोस रे. तास सांग." दादाचा घसा बसला होता. गावभर आमंत्रणं करून बसला असणार.

विमानाचं वेळापत्रक वसतिगृहातल्या प्रत्येक भारतीय मुलाला तोंडपाठ होतं. जाणं कुणालाच परवडत नसे, म्हणून अधिकच पाठ. शिवाय पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून श्यामकांतने अंतरही कधीच मोजून ठेवलं होतं.

"ऐक," तो मास्तरी सुरात म्हणाला. "अंतर साडेसहा हजार किलोमीटर. जेट सरळ गेलं तर आठ तास. पण ते रोमला थांबतं, बैरूतला थांबतं. तेरा धर. आज दुपारी बाराला सुटतं. तुमचं घड्याळ साडेचार तास पुढे. म्हणजे उद्या पहाटे साडेपाचला सांताक्रूझ. भटजींना म्हणावं, त्याआधी नवरदेव मिळायचा नाही!"

पलीकडे दादाने फोनवर हात ठेवला असावा. तरी त्याचा पुसट आवाज श्यामकांतच्या कानावर आलाच.

"पहाटे पोचतोय म्हणतो. बर्फ आणखी मागवा."