हललेली फ्रेम

"चूक माझी आहे," डॉक्टर दिव्यश्री म्हणाल्या. अंगावर थिएटरचे हिरवे कपडे तसेच होते. "अलकाताई गेल्या."

विद्याधर भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून उभेच होते. आत जाताना अलका हसली होती. "घाबरट कुठले! बसा की जरा."

हॉस्पिटलचा मॅनेजर पुढे आला. "मॅडम, हे नंतर बोलू."

"आत्ताच बोलायचं." डॉक्टर विद्याधरांकडे वळल्या आणि काय झालं ते सांगू लागल्या. मणक्याच्या हाडाला एक छोटी फ्रेम चिमट्यासारखी बसवतात. कॅमेरा ती फ्रेम बघतो आणि स्क्रू हाडात कुठे चाललाय ते पडद्यावर दाखवतो. मध्येच फ्रेमला धक्का लागला. पडद्यावर स्क्रू हाडातच दिसत राहिला. प्रत्यक्षात तो हाडाच्या पुढे, मोठ्या रक्तवाहिनीत गेला होता.

"धक्का कुणाचा?" विद्याधरांनी विचारलं.

"माझाच. कोपर लागलं."

मुलगा मकरंद पुण्याहून आला, दिवसकार्य झालं. निघताना त्यानं पुन्हा तेच काढलं. "बाबा, त्या बाईनं स्वतःच कबूल केलंय. आता सोडायचं नाही."

"बघू."

घर चालू राहिलं. खालच्या कप्प्यातली पातेली आता ओट्यावरच असायची. अलकाच्या चपला दाराशी पडल्या होत्या, त्या कुणी उचलल्या नाहीत.

दिवाळी गेल्यावर विद्याधर स्कॅनचं पाकीट घेऊन निघाले. डॉक्टरांचा दवाखाना बसवनगुडीत होता. प्रत्येक गतिरोधकाला ते रिक्षावाल्याला "स्वल्प हळू" म्हणत होते. शेवटी तो वैतागला. "सर, चालत गेला असता तर लवकर पोचला असता!"

त्यांना बघून डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. चेहरा ओढलेला होता.

"बसा ना, अण्णा."

"नको."

"वकील घेऊन याल असं वाटलं होतं."

"मकरंदचं तेच चाललंय."

"सरी, ठीक आहे. मी अडवणार नाही. विचारतील ते सगळं सांगेन."

"ऑपरेशनं करता अजून?"

"करते."

"फ्रेम हलली की कळतं कसं?"

"कॅमेऱ्याला दिसणारी एक सळई असते, तिचं टोक उघड्या हाडावर टेकवायचं. पडद्यावर ते तिथंच दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर थांबायचं."

"त्या दिवशी टेकवलं होतं?"

"सुरुवातीला. नंतर नाही. पडदा इतका स्वच्छ दिसत होता, अण्णा."

"आणि आता?"

"प्रत्येक स्क्रूच्या आधी. थिएटरमधले सगळे कंटाळतात. कंटाळू देत."

विद्याधरांनी मान हलवली. एक हात टेबलाला टेकवला. मग पाकीट पुढे सरकवलं.

डॉक्टरांनी ते उघडलं नाही. "अलकाताईंचा स्कॅन आहे माझ्याकडे. मी तो रोज बघते. आणखी काय दाखवणार मला?"

"बघा तरी."

त्यांनी फिल्म काढून उजेडावर लावली. बघता बघता त्या जवळ सरकल्या. खालच्या मणक्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हा मणका त्यांचा नाही."

"माझा आहे," विद्याधर म्हणाले. "तिचं झालं की माझं करायचं ठरलं होतं. ते राहिलंय."