शांघायचा अठरा वर्षांचा अनुभव

“शांघायला कोणत्या साली गेलात?” साहेबाने विचारलं.

“एकतीस,” गर्शोम म्हणाला. “एकोणपन्नासला परत.”

गर्शोमच्या पनवेलच्या घरात बसून साहेबाने लिहून घेतलं. चीनशी लढाई थांबून महिना झाला होता आणि दिल्लीला एक समिती बसली होती. चीन काय विकतो, काय घेतो, कसा घेतो, हे कळणारी माणसं सरकारला आता हवी होती. मार खाल्ल्यावर हवी होती. साहेब त्या समितीचा, स्वतः तज्ज्ञच. चीनच्या व्यापारावर दोनशे पानं लिहिलेला. चीन त्याने लंडनच्या लायब्ररीत पाहिला होता.

“पूर्वी काही अडलं की मुंबईतल्या चिन्यांना विचारायचो,” साहेब म्हणाला. “आता कुणाला विचारणार? भायखळ्याचा दातवाला गेल्या आठवड्यात बायकापोरांसकट राजस्थानच्या छावणीत. काय सुरेख कवळी बसवायचा हो!”

साहेब हळहळला. कवळीसाठी.

मग त्याने पिशवीतून एक कागद काढला. “बोटीच्या जुन्या यादीत एवढंच उरलंय. शांघायहून मुंबई, गाव पनवेल. नाव वाळवीनं खाल्लं. तुम्ही आपणहून मामलेदार कचेरीत जाऊन नाव सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर मी शिरढोणपासून खाडीपर्यंत घर न् घर झाडणार होतो.”

गर्शोमने मान वाकवून कागद पाहिला. मधल्या दाराशी त्याची बायको रुथ उभी होती. भिंतीवर मुलाचा, जुडाहचा फोटो. चार वर्षांपूर्वी इस्राएलला गेलेला. जानेवारीच्या बोटीची आईबापांची तिकिटं त्याने तिकडून पैसे पाठवून काढली होती.

“चिनी व्यापारी कापूस कसा घ्यायचे?”

“गुपचूप. एकटा मोठा कधी यायचा नाही. वीस लहान यायचे, एकमेकांना ओळख न दाखवणारे. थोडाथोडा माल उचलायचे. भाव हलायचा नाही. आपला शेट म्हणायचा, यंदा गिऱ्हाईकच नाही, द्या कमी भावात. आणि एके दिवशी कळायचं की विसांचा धनी एकच, आणि त्याची गोदामं भरलीत.”

साहेबाचं पेन थांबलं. दोनशे पानांत हे नव्हतं.

“वजन?”

“पिकुल, त्यांचा मण. ऐंशी कॅटींचा, म्हणजे त्यांच्या शेरांचा, एक...”

बाहेर पायरीवर कुणीतरी खोकलं.

“शंभर,” गर्शोम म्हणाला. “शंभर कॅटींचा.”

“ए, बाहेर जाऊन खोक!” साहेब ओरडला. “कोण हा?”

“बुधाजी. मिठागरातला. मीठ घालतो आमच्याकडं. त्याची बायको आत माप टाकतेय.”

“बाहेरच हाय ना मी, सायेब,” बुधाजी म्हणाला. “आजून बाहेर म्हंजे खाडीत.”

साहेब हसला नाही. त्याने नेमणुकीचं पत्र पुढे केलं. पंधरा दिवसांत दिल्लीत हजर व्हायचं. दोघांचे पासपोर्ट सरकारजमा, पाच वर्षांसाठी. चीनचं आतलं जाणणारा माणूस देशाबाहेर गेलेला चालणार नव्हता.

“अहो, अजून विचार करा,” रुथ म्हणाली. “जुडाहला मी काय कळवू?”

“कळव, बाप मोठा माणूस झाला.”

“साठाव्या वर्षी?”

“वहिनी,” साहेब मधे पडला, “पोरगा पाच वर्षं थांबेल. देश थांबणार नाही.”

“पोरगा तुमचा असता तर थांबला असता.”

साहेबाचे कान लाल झाले. त्याने यादीवर बोट टेकवलं. “इथं दोन माणसं आहेत. सोबत पत्नी, असं लिहिलंय. ती तुम्हीच ना? तुमचीही सही लागेल. तुम्ही नसाल, तर ती बाई कोण, हे मला शोधून काढावं लागेल.”

रुथने फोटोकडे पाहिलं. एक ‘नाही’ म्हटलं की दिल्ली संपत होती. जानेवारीत ती बोटीवर असती, आणि महिन्याभरात मुलाच्या दारात. गर्शोम तिच्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता.

“मीच ती,” रुथ म्हणाली.

“मग? आवडलं का शांघाय?”

“थंडी फार.”

तिने सही केली. पेन कागदात घुसलं, इतकी दाबून केली.

साक्षीला कुणी हवं होतं. साहेबाने पायरीवरच्यालाच आत बोलावलं.

“यांना ओळखतोस? हे शांघायला होते?”

“दादा? व्हता तर. अठरा वर्सं. आमी हिकडं मिठात, दादा तिकडं.”

“अंगठा दे. शिकला असतास तर तूही कुठंतरी गेला असतास.”

“बरोबर हाय, सायेब,” बुधाजी म्हणाला. “नाय शिकलो.”

साहेबाने यादीवर लाल पेन्सिलीने रेघ मारली, खाली ‘तपास पूर्ण’ लिहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. पासपोर्ट त्याच्या पिशवीत होते.

जीपचा आवाज पार विरेपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही. गर्शोमने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि उगाचच पुसत बसला. बुधाजी उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको हौसा मिठाच्या पोत्याआड अंग चोरून बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि भराभर काहीतरी बोलला. ते मराठी नव्हतं. शांघायची बोली होती.

रुथ मागोमाग आली. तिने हौसाचा नाकापर्यंत ओढलेला पदर मागे सारला आणि तिला हात दिला.

“ऊठ बाई. तुझं माहेर आजपासून माझ्या नावावर लागलं.”