आवाज आला की हात वर

आवाज आला की हात वर करायचा, एवढंच काम होतं, आणि आबा ते पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखं करत होते. काचेच्या खोलीत कानांवर मोठे हेडफोन लावून ताठ बसले होते. बाहेर श्रवणतपासणीच्या बाई बटण दाबत, आत आबांचा हात वर जाई. एकदा तर बटण दाबायच्या आधीच गेला.

"आजोबा फार उत्साही आहेत," बाई हसून म्हणाल्या.

"शिंपीकाम करायचे," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला. "दुकानात कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची."

मुलगा म्हणजे पन्नाशी उलटलेला गृहस्थ. रेडिओ दुर्बिणीवरचा शास्त्रज्ञ.

"आवाज वाढवला की सूर बरे ऐकू येताहेत. आता शब्द बघू." ओठ दिसू नयेत म्हणून बाईंनी तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "खिडकी."

आबांनी हात वर केला.

"हात नको आजोबा, मी म्हणते ते म्हणा. खिडकी."

आबा ओशाळं हसले. 'पायरी'ला हसले, 'कागद'लाही हसले. बाईंनी माइक बंद केला.

"आवाज पोचतोय, पण अर्थ लागत नाहीये. शब्द कानावर पडले नाहीत की मेंदू ते विसरत जातो. कानाचं यंत्र किती दिवस लावलं नव्हतं?"

"दोन वर्षं."

"बिघडलं होतं?"

"नाही. मी काढून कपाटात ठेवलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता सांगणं भाग होतं.

"आम्ही वेधशाळेच्या आवारातच राहतो. तिथे मोबाइलसुद्धा चालत नाही, दुर्बिणीला त्रास होतो. एकदा भर दुपारी एक सिग्नल आला. सुईसारखा बारीक, एकाच सुरातला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा. ती आबांची जेवायची वेळ. सगळ्यांशी गप्पा मारता याव्यात म्हणून ते तेवढ्यापुरतं यंत्र लावायचे. बिनतारी होतं. मला वाटलं, सापडला चोर."

"आणि तो सिग्नल यंत्राचा नव्हता?"

"आकाशातला होता. लेझर असतो ना, तसाच, पण रेडिओ लहरींचा. ताऱ्याभोवतीच्या वायूत आपोआप तयार होतो. एक रेणू बोलला की शेजारचा त्याच सुरात बोलतो, मग सगळा ढगच बोलायला लागतो. कुणी बनवावा लागत नाही."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "मी हेच शिकवतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने उलटं केलं होतं. कळसा आकाशात होता आणि झडती घरच्या म्हाताऱ्याची घेतली होती.

"पण यंत्र काढल्यावरही सिग्नल येत राहिला असेल ना? मग कळलं कसं नाही?"

"त्याच दिवशी मी संगणकाला सांगून ठेवलं, असा सूर आला की गाळून टाक. त्यामुळे दिसायचा बंद झाला. मला वाटलं, यंत्र काढलं म्हणून थांबला." त्याने चष्मा काढून उगाच पुसला. "गेल्या महिन्यात न गाळलेले सिग्नल पहिल्यांदा तपासले. यंत्र कपाटात होतं तेव्हाही तो येतच होता. आणि रोज चार मिनिटं आधी. तारे तसे येतात. आबांचं जेवण नाही."

"आता येतो?"

"नाही. विझला."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्याचा उपयोग काय असतो पण?"

"पुष्कळ. तारे कुठे जन्मताहेत ते कळतं. फार लांबच्या गोष्टी नेमक्या किती लांब आहेत, ते मोजता येतं."

काचेपलीकडे आबा कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून तयारीत बसले होते.

"यंत्र काढलं तेव्हा काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, तुझं काम मोठं आहे रे, माझ्या गप्पांचं काय एवढं. मी म्हटलं, दुसरं आणतो, साधं, बिनतारी नसलेलं. आज आणू, उद्या आणू, राहून गेलं. आधी जेवताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ताट खोलीत न्यायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं." त्याने काचेपलीकडे पाहिलं. "वय नव्हतं झालं हो."

बाईंनी माइक त्याच्याकडे सरकवला. "सरावाने थोडं परत येतं. सगळं नाही येत. पण ओळखीचा आवाज असला तर कधी कधी अर्थ चटकन लागतो. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"रोज घरी जे बोलता ते."

त्याने आठवून बघितलं. रोज बोलत होता असं काही सापडेना. बाईंनी माइक सुरू केला, त्याने तो जवळ ओढला. आत आबा सावरून बसले.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्या यंत्राचा काही दोष नव्हता. तो लांबचा एक तारा होता. चूक माझी झाली, आबा. आजपासून जेवायला आमच्यात बसा. ऐकू येतंय ना?"

आबांनी कपाळाला आठ्या घालून, मान तिरकी करून, शेवटपर्यंत नीट ऐकलं. मग त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी हात वर केला.