घरघर

“मावशी, हिला जरा कानाशी धरा,” मंगल म्हणाली.

सुभद्राबाईनं तांबडी कोंबडी उचलली, पंख दाबून धरले आणि तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. “परवापेक्षा कमी हाय. परवा पार खालून वाजत होतं. आता गळ्यापाशी आलीया घरघर.”

मंगलला नवल वाटलं. हुलसूरच्या आसपासच्या आठ खेड्यांची ती पशुसखी. शेळ्या-कोंबड्यांची दुखणी बघत फिरायची, पण असा कान असलेली बाई तिला भेटली नव्हती.

“एवढं कसं कळतंय वो तुमाला?”

“ऐकून ऐकून कळतंय.”

घरच्या बारा कोंबड्यांपैकी पाच परसातल्या गोठ्यात होत्या, आणि त्यांच्यासोबत सुभद्राबाई. कोंबड्यांच्या डोळ्यांत फेस, नाकाला चिकट पाणी, श्वास घ्यायचा तर मान ताणून. आपल्याकडे कोंबडी शिंकली की माणूस तिला पिशवीत घालतो आणि बाजार गाठतो. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात, आपण मोकळे. सुभद्राबाईच्या पोरानं, नागेशनं, तसं केलं नाही. हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

“आजारी जित्राब आधी वेगळं करावं, एवढंबी लोकांना सुचत न्हाई,” मंगल त्याला म्हणाली. “तुमी बरी जागा केलाव, अण्णा.”

“जागा होतीच,” नागेश गोठ्याच्या फाटकाबाहेरूनच म्हणाला.

मंगलनं सगळं नीट सांगितलं. धूळ उडणारा भुसा काढून टाका. वारं खेळू द्या, पण झोत अंगावर नको. पाण्याचं भांडं वेगळं. दाणा आधी अंगणातल्या चांगल्यांना, मग इकडं. डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर रोज पाण्यातून. “आणि चार दिवसांत बरं वाटलं म्हणून मधीच सोडू नका.”

“म्हाईत हाय. मधी सोडलं की उलटतंय.”

“घरात लेकरू हाय. यांना हात लावून तिला घेऊ नका, मावशी.”

“न्हाई घेत,” सुभद्राबाई म्हणाली. “एकदाबी न्हाई घेतली.”

मंगलनं मान डोलावली. असं ऐकणारी माणसं रोज कुठं भेटतात?

नात रांगायला लागली होती. कुडाच्या फटीतून सुभद्राबाईला अंगणाचा एक पट्टा दिसायचा, आणि नात त्या पट्ट्यातून पाच-सात वेळा तरी जायची. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात. सुभद्राबाईच्या वाट्याला आलेली साय ही एवढीच, फटीएवढी. जेवणाची ताटली सून, रेणू, फाटकाजवळच्या दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि मागं वळायची. वाईट नव्हती रेणू. भाकरी कायम गरम असायची.

कोंबड्या बऱ्या झाल्या की फाटक उघडंल, सुभद्राबाई मनाशी म्हणायची. उघडलं की पोरीला मांडीवर घ्यायचं. दुसरं काही नको होतं तिला.

म्हणून ती कोंबड्यांना जपली. पोटच्या पोराला जपावं तशी. कोमट पाण्यात फडकं बुडवून डोळे पुसले. ज्या चोच उघडत नव्हत्या, त्यांना ज्वारीच्या भरड्याची पातळ कण्णी बोटानं चारली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. मुंगी कुठवर आली ते ती रोज पाठीला कान लावून बघायची.

नवव्या दिवशी काबरी कोंबडी गेली, तिच्या हातातच. सुभद्राबाई हमसून हमसून रडली. एका कोंबडीसाठी कुणी एवढं रडत नाही. रेणू दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाशी धरला आणि आत गेली. नागेशनं खोल खड्डा केला, चुना टाकून काबरीला पुरलं.

उरलेल्या चौघी सावरल्या. एकविसाव्या दिवशी मंगल आली तेव्हा त्या पाय झाडून माती उकरत होत्या. मंगलनं एकेकीला कानाशी धरलं. घरघर कुठंच नव्हती.

“मावशी, हे तुमचं काम,” ती म्हणाली. “डॉक्टरनं एवढं केलं नसतं.”

सुभद्राबाई हसली. लुगडं धुतलेलं होतं, केस विंचरलेले होते. सकाळपासून तयार होती ती.

मंगल नागेशकडं वळली. “पण एक सांगते, अण्णा. बरी झालेली कोंबडी कधी कधी दुखणं आत दडवून ठेवतीय. चांगल्या सातजणींत यांना सोडू नका. वेगळंच ठिवलेलं बरं.”

“राहू द्या, अक्का,” नागेश म्हणाला. “घरच्याच हाईत. आपल्याच दारात वाढल्यात, वेगळं कुठवर ठिवायचं?”

त्यानं फाटक उघडलं. चौघी धडपडत अंगणात गेल्या. रेणूनं मूठभर ज्वारी फेकली, आणि कडेवरच्या पोरीनं कोंबड्या बघून हात नाचवले. मंगल त्यांच्या मागून बाहेर आली. सुभद्राबाईनं गोधडीची वळकटी काखेत घेतली आणि फाटकापाशी आली.

नागेशनं फाटक ओढून घेतलं. “तू थांब, माय.”

“अण्णा, आता मावशी कामून आत?” मंगलनं विचारलं. “कोंबड्यांसाठीच होत्या न्हवं त्या इथं?”

नागेश कडी चाचपत राहिला. “कोंबड्या आल्या तीन आठवड्यांखाली. माय इथंच हाय, दोन दिवाळ्या झाल्या. टीबी होता तिला.”

“होता म्हणजे?”

“दवाखान्यानं बरी झाली म्हणून लिहून दिलंय पोळ्याच्या टायमाला. पण बरं झालं तरी आत दडून राहतंय,” त्यानं कडी घातली, “तुमीच तर म्हणलाव आत्ता.”